रक्तातली चरबी आणि रोजची गोळी



तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासून परतणाऱ्या माणसाच्या पिशवीत हल्ली दोन वस्तू हमखास असतात. एक छापील रिपोर्ट आणि दुसरी गोळ्यांची पट्टी. रिपोर्टात 'कोलेस्टेरॉल' या शब्दापुढे आकडा असतो, त्याच्याभोवती डॉक्टरांनी पेनाने गोल काढलेला असतो. "रोज एक गोळी, चुकवायची नाही," असे त्यांनी बजावलेले असते. दोन-तीन महिने गोळी नेमाने पोटात जाते. मग पुन्हा तपासणी होते, आकडा खाली आलेला दिसतो आणि घरातलेच कोणीतरी म्हणते, "झालं की आता बरं! कशाला फुकट औषध पोटात घालायचं?" पट्टी कोनाड्यात जाऊन बसते. हे फक्त खेड्यात घडते असे कोणी समजू नये. शिकल्या-सवरलेल्यांच्या घरी हे जरा जास्तच घडते, असे मी पाहतो.

आता हे म्हणणे वरवर पाहता शहाणपणाचे आहे. ताप उतरला की तापाची गोळी आपण बंद करतो. खरूज गेली की मलम ठेवून देतो. मग हीच गोळी अशी कोण लागून गेली, की अंगात काही दुखत-खुपत नसताना ती वर्षानुवर्षे घ्यावी? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर 'डॉक्टरांनी सांगितले म्हणून' एवढ्यावर भागवू नये. मी वैद्य नाही, महाविद्यालयात शिकवणारा मास्तर आहे. कोणी कोणती गोळी किती घ्यावी हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण ती गोळी आपल्या शरीरात जाऊन काय करते, ते उलगडून सांगणे हे मास्तरकीत बसते.

प्रथम हे कोलेस्टेरॉल म्हणजे काय ते पाहू. पित्ताशयात जे खडे होतात, त्या खड्यांत हा पदार्थ पहिल्यांदा सापडला. १८१५ साली शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याला नाव दिले. ग्रीक भाषेत 'खोले' म्हणजे पित्त आणि 'स्टेरेऑस' म्हणजे घट्ट. घट्ट झालेले पित्त, असा त्या नावाचा अर्थ. दिसायला तो पांढरट, मेणासारखा. आपण त्याला चरबी म्हणतो ते बोलण्यापुरते ठीक आहे. स्वयंपाकातल्या तेला-तुपापेक्षा तो वेगळा आहे.

हा पदार्थ शरीराचा वैरी नव्हे. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात तो असतो. अन्न पचवणारे पित्त त्याच्यापासून बनते. स्त्रीला स्त्रीपण आणि पुरुषाला पुरुषपण देणारे जे अंतःस्राव, तेही त्याच्यापासूनच. इतका तो गरजेचा, म्हणूनच शरीराने त्याच्यासाठी बाहेरच्या पुरवठ्यावर विसंबून राहायचे नाही असे ठरवलेले दिसते. आपल्या अंगात जेवढे कोलेस्टेरॉल असते, त्यातले बरेचसे शरीर स्वतःच तयार करते, आणि या कामात यकृताचा, म्हणजे लिव्हरचा, वाटा मोठा.

इथे एका शंकेचे निरसन करायला हवे. "मी माळकरी माणूस. अंडं नाही, मटण नाही, जन्मात शिवलो नाही. मला कसं झालं हे?" असे विचारणारे बापू गावोगाव भेटतात. त्यांचे खरे आहे. भाजी, धान्य, शेंगदाणा, करडई यांत कोलेस्टेरॉल नसतेच. पण यकृताचा कारखाना माळकऱ्याच्याही पोटात चालू असतो. कोणाचा तो जास्त माल काढतो, कोणाचा कमी. कोणाच्या रक्तातून तो माल लवकर उचलला जातो, कोणाच्या रेंगाळतो. यातले बरेच काही आई-बापांकडून आलेले असते. तेव्हा रिपोर्टात आकडा वाढलेला दिसला म्हणून माणसाने चोरून काही खाल्ले असेल, असा संशय घेऊ नये!

कालवणावर तेलाचा तवंग येतो, कारण तेल पाण्यात मिसळत नाही. कोलेस्टेरॉलचेही तसेच, रक्तात ते विरघळत नाही. म्हणून शरीर त्याची बारीक बारीक गाठोडी बांधून ती रक्तातून धाडते. या गाठोड्यांच्या दोन जाती रिपोर्टात लिहिलेल्या असतात, एल.डी.एल. आणि एच.डी.एल. आपल्या आजच्या विषयाचा संबंध मुख्यतः पहिल्या जातीशी आहे. ही गाठोडी रक्तात फार झाली आणि वर्षानुवर्षे फिरत राहिली, की त्यातली काही रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतात. लोक सांगतात की पाटात गाळ बसावा तशी ही चरबी नळीत बसते. ते चित्र पुरते बरोबर नाही. गिलाव्याखाली ओल शिरते ना, तसे हे आहे. भिंत बाहेरून चांगली दिसते, आत फुगत असते. आणि एक दिवस पोपडा फुटतो. फुटलेल्या जागी रक्ताची गुठळी धरते, ती वाट अडवते. ती वाट हृदयाची असेल तर हृदयविकाराचा झटका, मेंदूची असेल तर पक्षाघात, ज्याला आपण लकवा म्हणतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. काल संध्याकाळपर्यंत औत हाकणारा धडधाकट गडी आज अचानक कसा गेला, याचे आपल्याला कोडे पडते. त्या भिंतीत ओल वीस वर्षे शिरत होती. दुखण्याचा मागमूस नव्हता एवढेच. कोलेस्टेरॉल वाढल्याने डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, दम लागत नाही. ते कळते रक्त तपासल्यावर.

हे शास्त्रज्ञांनाही सहजी उमगले नाही. १९१३ साली रशियात अनिच्कोव्ह नावाच्या संशोधकाने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातले, तेव्हा त्यांच्या रक्तवाहिन्यांत माणसासारखाच बिघाड झाला. पण ससा हा पाल्यावर जगणारा प्राणी. त्याचे माणसाला काय लागू, म्हणून बऱ्याच जणांनी ते मनावर घेतले नाही. पुढे १९४८ साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात ५,२०९ माणसांची नोंद घेऊन वर्षानुवर्षे त्यांची तपासणी सुरू झाली. कोणाला झटका येतो आणि कोणाला येत नाही, याचा हिशेब ठेवला गेला. १९६१ साली तो पुढे आला तेव्हा दिसले, की ज्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल जास्त आणि ज्यांचा रक्तदाब जास्त, त्यांना धोका जास्त.

रोग कळला, पण औषध? ते सापडायला आणखी बरीच वर्षे जावी लागली, आणि ते सापडले बुरशीत. ही हकीकत मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण ती शेतकऱ्याच्या मुलाची आहे.

अकिरा एंदो यांचा जन्म १९३३ साली उत्तर जपानातल्या अकिता भागात एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांच्या आजोबांना रानातल्या अळंब्यांची आणि बुरशीची चांगली जाण होती. कोणती खावी, कोणती टाळावी, हे नातू आजोबांकडून शिकला. शाळेत असताना त्याने अलेक्झांडर फ्लेमिंगचे चरित्र वाचले. पेनिसिलीन बुरशीतून निघाले हे आपण जाणताच. पुढे एंदो टोकियोतल्या एका औषधी कंपनीत नोकरीला लागले आणि फळांच्या रसातला गर विरघळवणारा पदार्थ त्यांनी बुरशीतून काढून दाखवला. १९६६ साली ते दोन वर्षांसाठी न्यूयॉर्कला गेले. तिथे हृदयविकाराने माणसे किती मरतात, हे त्यांनी पाहिले. आणि परत आल्यावर त्यांच्या मनात एक विचार घोळू लागला.

विचार असा. बुरशी आणि जंतू ही एकमेकांची शेजारी आणि एकमेकांची शत्रूही. शेजाऱ्याला वाढू न देण्यासाठी बुरशी नाना प्रकारचे रस सोडते. कोलेस्टेरॉल किंवा त्याच्या जातीचा पदार्थ तयार केल्याशिवाय ज्यांना जगता येत नाही असे जीव पुष्कळ आहेत. मग त्यांच्या त्या कामातच खोडा घालणारा रस एखादी बुरशी सोडत नसेल कशावरून? तो रस सापडला, तर माणसाच्या यकृतातल्या कारखान्यालाही तो लगाम घालील.

कारखान्याची अंतर्गत रचना तोवर ठाऊक झाली होती. ब्लॉख आणि लिनेन या दोन शास्त्रज्ञांना त्यासाठी १९६४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. साध्या कच्च्या मालापासून कोलेस्टेरॉल बनेपर्यंत सुमारे तीस पायऱ्या लागतात आणि त्यातली एक सुरुवातीची पायरी साऱ्या कामाची गती ठरवते. शेताला पाणी देताना पाट कितीही लांब असला, तरी पाणी किती जायचे ते पहिल्या दारावर ठरते. तसाच हा प्रकार. एंदोंना ते पहिले दार धरणारी बुरशी हवी होती.

१९७१ साली शोध सुरू झाला. एकामागून एक बुरशी वाढवायची, तिचा रस काढायचा, तो काम करतो का ते पाहायचे, आणि बहुतेक वेळा फेकून द्यायचे. दोन वर्षांत सुमारे ६,००० जाती तपासून झाल्या. एक रस सापडला, पण तो मूत्रपिंडांना विषारी ठरला. अखेर क्योटो शहरातल्या एका धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत हवा तो पदार्थ मिळाला. ते साल १९७३. ज्या बुरशीला पाहून आपल्या घरची आजी तांदूळ उन्हात घालील, त्याच जातकुळीची ही बुरशी, बरं का.

गोष्ट इथे संपत नाही. एंदोंनी तो पदार्थ उंदरांना दिला, आणि उंदरांच्या रक्तात काहीच फरक पडला नाही! कंपनीतल्या लोकांनी हात झटकले. पण उंदराच्या रक्तात ही एल.डी.एल.ची गाठोडी मुळातच फार थोडी असतात. जे नाहीच ते उतरणार कसे? मग १९७६ साली एका सहकाऱ्याच्या मदतीने त्यांनी तो पदार्थ अंडी देणाऱ्या कोंबड्यांना दिला. अंड्याच्या बलकात कोलेस्टेरॉल असते, म्हणजे कोंबडीच्या रक्तातही ते भरपूर फिरत असणार, असा साधा तर्क. कोंबड्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल भराभर उतरले. कुक्कुटपालन करणाऱ्या माझ्या श्रोत्यांनी ही गोष्ट अभिमानाने लक्षात ठेवावी.

एंदोंचे हे पहिले औषध प्रत्यक्ष बाजारात कधी आले नाही. पण त्याच वाटेने जाऊन, दुसऱ्या एका बुरशीतून काढलेले लोव्हास्टॅटिन हे औषध १९८७ साली अमेरिकेत मंजूर झाले. त्यानंतर सिम्व्हास्टॅटिन, अॅटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन अशी भावंडे आली. या साऱ्या घराण्याला 'स्टॅटिन' म्हणतात. आपल्या पट्टीवर कंपनीचे नाव काहीही असो, त्याखाली बारीक अक्षरांत पाहिले तर या नावांपैकीच एखादे बहुधा सापडेल. एंदो २०२४ साली, नव्वदीत, वारले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गोळी पोटात गेली की ती यकृतातल्या त्या पहिल्या दारावर बसते आणि माल कमी निघू लागतो. यकृताला तर कोलेस्टेरॉल हवे असते. घरात तयार होत नाही म्हटल्यावर ते काय करते? बाजारातून आणते! यकृताच्या पेशींवर एल.डी.एल.ची गाठोडी आत ओढून घेणारे हात असतात. ब्राऊन आणि गोल्डस्टाइन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी ते शोधून काढले आणि १९८५ सालचे नोबेल त्यांना मिळाले. गोळी घेतली की यकृत असे हात आणखी बाहेर काढते आणि रक्तात फिरणारी गाठोडी उचलू लागते. रक्तातला आकडा उतरतो तो मुख्यतः यामुळे. मधल्या मात्रेने एल.डी.एल. ३० ते ५० टक्के उतरते, मोठ्या मात्रेने निम्म्याहून जास्त.

पण गोळीचा अंमल असतो तोवरच हे सारे चालते. गोळी बंद झाली की पहिले दार उघडते, कारखाना पूर्ववत चालू होतो, बाहेर काढलेले हात यकृत आत घेते, आणि दोन ते चार आठवड्यांत आकडा होता तिथे येऊन बसतो. म्हणजे रिपोर्ट चांगला आला, तो गोळीने आणला. ओढ्याचे पाणी वावरात शिरू नये म्हणून आपण बांध घालतो. दोन पावसाळे पाणी शिरले नाही म्हणून बांध फोडून टाकणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही. तापाची गोळी आणि ही गोळी यांत फरक आहे तो इतकाच. ताप हा पाहुणा असतो, येतो आणि जातो. यकृताचा स्वभाव मात्र घरचाच. तो कायम असतो.

या गोळीने खरोखर माणसे वाचतात काय? की फक्त कागदावरचा आकडा सुधारतो? ही शंका डॉक्टरांनाही होती. १९९४ साली डेन्मार्क, फिनलंड, आइसलँड, नॉर्वे आणि स्वीडन या देशांतल्या ४,४४४ रुग्णांवर केलेल्या चाचणीचा निकाल लागला. या सर्वांना हृदयाचा विकार आधीच होता. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन दिले, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणाला कोणती, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरालाही नाही. सुमारे साडेपाच वर्षांनी हिशेब केला तेव्हा पोकळ गोळी घेणाऱ्यांतले २५६ जण दगावले होते, औषध घेणाऱ्यांतले १८२.

हा हिशेब मी श्रोत्यांपुढे सरळ मांडतो, कारण औषधाची जाहिरात करायला मी आलेलो नाही. शंभरांच्या भाषेत सांगायचे तर बिनऔषधाचे बारा गेले, औषधवाले आठ गेले. म्हणजे औषध न घेताही शंभरातले अठ्ठ्याऐंशी जण तेवढी वर्षे जगले, आणि औषध घेऊनही आठ वाचले नाहीत. वाचले ते चार. पण ते चार कोण, हे आधी कोणालाही सांगता येत नाही. म्हणून गोळी शंभरांनाही घ्यावी लागते. ज्या घरातला कर्ता पुरुष त्या चारांत असतो, त्या घराला त्या आकड्याची किंमत विचारावी.

यातूनच हेही निघते, की ही गोळी सर्वांसाठी नाही. ज्याला झटका येऊन गेला आहे, लकवा होऊन गेला आहे, ज्याच्या हृदयात स्प्रिंग बसवली आहे, त्याला तिचा लाभ सर्वांत मोठा. मधुमेह असणाऱ्या पन्नाशीच्या माणसालाही बराच. पण पंचविशीतल्या निरोगी तरुणाचा आकडा जरासा वर गेला, तर डॉक्टर त्याला आधी खाण्यापिण्याचे आणि हिंडण्याफिरण्याचे सांगतील. म्हणून एकच आकडा एकाला चालतो आणि दुसऱ्याला चालत नाही. भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली जी मार्गदर्शक सूत्रे काढली, त्यांत सर्वसाधारण माणसाचे एल.डी.एल. १०० च्या खाली, जास्त धोका असणाऱ्याचे ७० च्या खाली आणि फार मोठा धोका असणाऱ्याचे ५५ च्या खाली असावे असे म्हटले आहे. तेव्हा शेजारच्या तात्यांच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहू नये, आणि तात्यांच्या पट्टीतली गोळी तर मुळीच मागून घेऊ नये.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना इथे एक खास गोष्ट सांगायची आहे. काही घराण्यांत एल.डी.एल. उचलणारे ते हात जन्मतःच कमी असतात. अशा घरात चाळिशीच्या आतच झटका येऊन माणसे जातात. "त्यांच्या घराण्याला तसा शापच आहे," असे गाव म्हणते. वर्गातल्या एखाद्या मुलाचे वडील किंवा काका असे तरुणपणी गेले असतील, तर त्या घरातल्या मुलांसकट सर्वांचे रक्त तपासून घ्यायला आपण सांगू शकता. कधीकधी अशा माणसांच्या टाचेमागच्या शिरेवर किंवा बोटांच्या सांध्यांवर पिवळट गाठी असतात, तीही एक खूण. आई-बापांपैकी एकाला हा दोष असेल, तर प्रत्येक मुलात तो येण्याचा संभव निम्मा असतो. त्या घरचा शाप पुष्कळदा याच गोळीने रोखता येतो.

आता भीतीविषयी. "ही गोळी घेतली की पाय गळून जातात," असे पारावर ऐकू येते. त्यात तथ्य किती? स्टॅटिनने काही जणांचे स्नायू दुखतात, हे खरे आहे. क्वचित, अगदी क्वचित, स्नायूंना मोठी इजा होते. अंग भयंकर दुखते, अंगातले बळ जाते, लघवी चहाच्या रंगाची होते. असे झाले तर उद्यावर न ढकलता गोळी थांबवून दवाखाना गाठावा. पण साध्या दुखण्याचे काय? २०२० साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या डॉक्टरांनी एक गमतीदार चाचणी प्रसिद्ध केली. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडून दिलेल्या ६० जणांना त्यांनी वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या, महिन्याला एक. चार बाटल्यांत औषध, चारांत पोकळ गोळ्या, चार रिकाम्या. रोज त्रास किती झाला ते लिहून ठेवायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यात त्रास कमी होता. आणि पोकळ गोळीच्या महिन्यात? औषधाने होणाऱ्या त्रासाच्या नव्वद टक्के! त्रास खोटा नव्हता, पाय खरोखर दुखत होते. पण बहुतेक दुखणे गोळी घेतल्याच्या धास्तीचे होते. हे कळल्यावर त्यांतल्या निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. म्हणून पाय दुखले तर पट्टी कोनाड्यात टाकू नये, डॉक्टरांना सांगावे. ते मात्रा कमी करतील, दुसरे स्टॅटिन देतील, नाहीतर वेगळ्या जातीचे औषध देतील. तशी औषधेही आता आहेत.

आणखी काही सावधगिरी. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या काही थोड्यांची साखर या गोळीने उंबरठा ओलांडते. तरी धोका असणाऱ्यांना लाभ त्याहून मोठा, असे हिशेब सांगतो. यकृताचा आजार असेल, दारूचे व्यसन असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. गरोदर बाईने, किंवा दिवस जाण्याची शक्यता असणाऱ्या बाईने, आधी विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये. दुसऱ्या आजारासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर ही पट्टी त्यांना दाखवावी. काही प्रतिजैविके आणि स्टॅटिन यांचे पटत नाही. परदेशात ग्रेपफ्रूट नावाचे फळ काही स्टॅटिनांबरोबर टाळायला सांगतात. ते आपल्या पपनसाच्या कुळातले. गणपतीत पपनसाची फोड खाल्ली म्हणून घाबरायचे कारण नाही, पण रोज खायचे असेल तर विचारून घ्यावे.

"गोळी नको, झाडपाल्याचे द्या, ते नैसर्गिक," असे म्हणणारेही भेटतात. त्यांना काय सांगावे? स्टॅटिनचा जन्मही निसर्गातच झाला. पूर्वेकडच्या देशांत तांदळावर तांबडी बुरशी वाढवून खातात, तिच्यात हेच लोव्हास्टॅटिन सापडते. पण किती असेल त्याचा भरवसा नाही. २०२४ साली जपानमध्ये त्या तांबड्या तांदळाच्या गोळ्या घेणाऱ्या कित्येकांच्या मूत्रपिंडांना इजा झाली आणि गोळ्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. त्यांत भलतीच बुरशी शिरली होती. कारखान्यात मोजून केलेल्या गोळीचा फायदा हा, की तिच्यात काय आणि किती आहे ते ठाऊक असते.

खाण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ बोलले जाते. तूप, लोणी, साय, चरबीचे मटण हे बेताने घ्यावे. वनस्पती तुपात तळलेले टाळावे. २०२२ पासून अशा तेला-तुपांतल्या घातक चरबीवर सरकारने दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, हे चांगले झाले. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, पालेभाज्या, मूठभर शेंगदाणे यांना कोणी नावे ठेवत नाही. पण पथ्याने आकडा थोडाच उतरतो. पथ्य पाळतो म्हणून गोळी नको, हे म्हणणे टिकत नाही. आणि गोळी घेतो म्हणून पथ्य नको, हे तर त्याहून नाही. तंबाखू, मिश्री आणि विडी यांचे काय करायचे ते श्रोत्यांना ठाऊक आहे.

गोळी कधी घ्यावी? सिम्व्हास्टॅटिन रात्री घेतात, कारण यकृताचा कारखाना रात्री जास्त चालतो आणि त्या गोळीचा अंमल लवकर ओसरतो. अॅटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन यांचा अंमल लांब टिकतो, ती कोणत्याही ठरलेल्या वेळी चालतात. ज्याला रात्री विसरायला होते, त्याने डॉक्टरांना विचारून सकाळच्या चहाबरोबर घ्यावी. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी नेहमीची एकच घ्यावी, दोन घेऊ नयेत. सुरू केल्यावर महिना ते तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासतात, ते मात्रा पुरते की नाही हे पाहण्यासाठी. पैशाची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात याच औषधाची स्वस्त गोळी मिळते. नाव वेगळे दिसले तर पट्टीवरचे बारीक अक्षर वाचून घ्यावे, नाहीतर शाळेतल्या गुरुजींना किंवा बाईंना दाखवावे.

आषाढी वारीला निघणाऱ्यांना एक विनंती. आळंदीहून पंढरपूर म्हणजे सुमारे तीन आठवड्यांची वाट. तेवढ्या दिवसांत आकडा परत वर चढायला पुरेसा अवकाश मिळतो. तेव्हा पिशवीत टाळ, धोतर आणि दशम्या भरताना दोन जास्तीच्या पट्ट्या कोरड्या डब्यात घालून ठेवा. आणि त्या डब्यात एक चिठ्ठीही ठेवा, आपल्या गोळ्यांची नावे आणि मात्रा लिहिलेली. वाटेत पालखीतल्या दवाखान्यात जायची वेळ आली, तर तिथले डॉक्टर सर्वांत आधी तेच विचारतील.